पांढरं बटण

३ फेब्रुवारी
पोरीच्या डोक्याला वायरींची टोपी घातली! केसांत चिकट जेल, समोर पडदा. हिरवा गोल आला की बटण दाबायचं, लाल आला की हात आवरायचा. भिंगरी लालवरही दाबत सुटली. नऊ वर्षांची पोर, बोटं शिवशिवणारच की!

डॉक्टरीण म्हणाली, "हिच्या मेंदूत कपाळामागे जो ब्रेक असतो, तो जरा उशिरा लागतो." पोर आहे की ट्रक?

गोळ्यांचं विचारलं. "लागतीलच असं नाही. एका तपासणीवर काही ठरत नाही. महिन्याने पुन्हा बघू." गोड बोलली. इतकं गोड, की माझ्या मनात पाल चुकचुकली. टेबलावर औषधकंपनीचं पेन होतं. मला काय दिसत नाही?

४ फेब्रुवारी
नवरा म्हणतो, "मीपण लहानपणी असाच होतो." हे लग्नाआधी सांगायचं होतं!

७ फेब्रुवारी
शेजारीण सांगत होती, तिच्या भाचीला गोळ्या दिल्या तर ती भिंतीकडे बघत बसते म्हणे. माझ्या भिंगरीचं असं होऊ देणार नाही मी. परीक्षाच आहे ना? मग अभ्यास करून घेऊ!

दुकान आवरल्यावर बटणांचा डबा काढला. मी शिवणाच्या टेबलावर एकेक बटण टाकायचं, तिनं उजव्या हाताने थाप मारायची. पांढरं आलं की हात गप्प. वीस पांढऱ्यांत चौदा चुका. शेवटी मी ओरडले, "बोट आवरलं नाहीस तर ते लोक गोळ्या देतील. मग बस भिंतीकडे बघत!"

एरवी मी ओरडले की खिदळते. आज नाही हसली. बरं झालं, जरा गांभीर्य आलं.

१२ फेब्रुवारी
नऊ चुका.

१६ फेब्रुवारी
एकही नाही! शाबास गं माझी वाघीण. दाखवतेच त्या डॉक्टरणीला.

२० फेब्रुवारी
नव्या फ्रॉकचं माप घ्यायला तिला उभी केली, तर डाव्या मांडीवर डाग. निळे, काही पिवळे पडलेले. सात-आठ तरी.

"कुठे लागलं?"

"बाकाला."

बाकाला लागून नखाएवढे डाग? नजर चुकवत होती. तिच्या वर्गाच्या बाईच नाही का म्हणाल्या होत्या, "हिला आवरा हो, मी थकले"? पाणी कुठे मुरतंय ते कळलं मला. झोप लागेना.

२१ फेब्रुवारी
शाळेत गेले. वर्गाच्या दारातच बाईंना धरलं. "माझ्या मुलीला हात लावता?" बाई पांढऱ्याफटक पडल्या. म्हणाल्या, "अहो, ती हल्ली वर्गात तोंडच उघडत नाही. मीच तुम्हाला विचारणार होते, घरी काही होतं का?"

घरी! चोराच्या उलट्या बोंबा! तिथेच चार शब्द सुनावून आले.

३ मार्च
दुसरी तपासणी. चुका फक्त दोन! पण यंत्रावरची मुलगी सारखी आपली, "बाळ, दात आवळू नकोस. जबडा सैल सोड, रेषा बिघडतायत." वा रे वा! पोरीने नीट केलं की यांच्या रेषा बिघडतात.

डॉक्टरीण पडद्याकडे बघतच नव्हती. भिंगरीच्या डाव्या हाताकडे बघत होती. तो फ्रॉकखाली होता. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "घरी हिची काही तयारी करून घेतलीत का?"

"छे," म्हटलं. "कसली तयारी?"

कुठे काय सापडतंय, तेच शोधत असते ही डॉक्टरीण.

४ मार्च
नव्या फ्रॉकला शेवटचं बटण लावायचं होतं. भिंगरी समोर स्टुलावर बसलेली. मी डब्यात हात घातला, पांढरं निघालं. तिचे दात आवळले गेले, डावा हात मांडीवर गेला आणि तिनं स्वतःला कचकन चिमटा काढला. नखं रुतवून.

"अगं! हे काय?"

"पांढरं आलं ना, आई. असं केलं की दुसरा हात थांबतो. शाळेत बोलावंसं वाटलं तरी असंच करते." मग हळूच म्हणाली, "आता नाही ना देणार गोळ्या?"

तिला मांडीवर घेतलं. मग डॉक्टरणीला फोन लावला. म्हटलं, "मी काल खोटं बोलले."