देवाच्या मुठीतलं रॉकेल

आई,
दुपारी झिंगआजीकडे जेवले. चर्चनं गरिबांना वाटलेला तांदूळ तिनं शिजवला होता. "देवाघरचा आहे गं, लाजू नकोस," म्हणाली. तिला दिसत नाही, पण मला भातातले किडे दिसले. वर रॉकेलचा वास! रॉकेल सांडलेलं तांदळाचं पोतं आपल्याच घरात आहे. रोज स्वयंपाकाआधी तू चर्चला द्यायला मूठभर तांदूळ, देवाची मूठ, बाजूला काढतेस ती त्यातलीच, आणि आपल्या ताटात कलेम्योच्या बाजारातला नवा तांदूळ. रविवारी चर्चमध्ये तांदूळ देणाऱ्यांत तुझं नाव वाचतात तेव्हा मान किती ताठ असते तुझी! शिसारी आली मला.

नवा तांदूळ सगळा आजीकडे नेतेय. चुलीवर त्या पोत्यातला भात ठेवलाय. देवाला चालतो, मग आपल्यालाही चालेल. जेवणाआधी आभाराची प्रार्थना मात्र तूच म्हण, मोठ्यानं.

पार तियाल