पारायणात शेळी आली तेव्हा

आई, तू गेलीस तेव्हा आपल्या घरी दूरध्वनीसुद्धा नव्हता. आज तुझा मुलगा सातारा-सांगलीच्या खिशाखिशांत जाऊन बसला आहे. झालं ते असं. माधवनगरच्या देवळात माझं पारायण चाललं होतं. अध्याय पुरा होईपर्यंत पोथीबाहेरचा शब्द उच्चारायचा नाही, आसन सोडायचं नाही, हा अप्पांनी, वडील म्हणून, मला घालून दिलेला नियम मी आजवर पाळत आलो. नेमकी तेव्हा मागच्या दारानं एक शेळी आत शिरली आणि तसबिरीआडून तुळशीचा हार ओढून खाऊ लागली. समोरच्या श्रोत्यांना ती दिसेना. मी हुंकार दिला, तर एकानं पाण्याचा तांब्या पुढे केला. अधिक मोठ्यानं दिला, तर कुणी पंखा वाढवला, कुणी खांद्यावर शाल घातली. हार संपत आला तेव्हा माझा जो हुंकार निघाला, तो बाजूला बसलेल्या एका मुलीनं फोनवर टिपला.

आता तो व्हिडिओ फोनाफोनांवर फिरतो आहे आणि त्याखाली लोक आपापली वाक्यं लिहितात. ‘साहेबांनी सुट्टी नाकारल्यावर.’ ‘सलग तिसऱ्या दिवशी दोडका.’ नात म्हणाली, “आजोबा, तुम्ही मीम झालात!”

“म्हणजे काय गं?”

“म्हणजे चेहरा तुमचा, दुःख ज्याचं त्याचं.”

ही व्याख्या मी बराच वेळ मनात घोळवतो आहे. एका देहात इतके जीव शिरल्याचं मी पोथीवरच्या कोणत्याही टीकेत वाचलेलं नाही. पण श्रावणातल्या पारायणाला बसणार की नाही, हे देवळातल्या मंडळींना उद्या कळवायचं आहे, आणि लोक ऐकायला येतील की हसायला, हे मला उमगत नाही. नात म्हणते, “तुम्ही नुसतं हो म्हणा, त्या मुलीला व्हिडिओ काढून टाकायला लावते.”

अशा वेळी मला कराडचं आपलं स्वयंपाकघर आठवतं. अप्पा बाहेर पोथीपुढे बसले आहेत. एक आखूड हुंकार येतो, तू म्हणतेस, “निरांजनात तूप घाल जा.” एक लांबलचक येतो, “दूध उतू चाललंय म्हणत्यात.” मला हसू फुटतं. तू उलथन्याचा दांडा हलकेच पाठीत मारतेस. “हस की रं, पन चुलीकडं तोंड करून हस.” आणि स्वतः पदर तोंडात कोंबतेस. अध्याय संपल्यावर त्यांच्या पायावर पहिलं डोकं मात्र तुझंच असे. हसणं आणि नमस्कार तुझ्या एकाच चेहऱ्यावर इतक्या जवळ कसे नांदत होते, हे मी तुला कधी विचारलं नाही. तू असतीस तर माझ्या पहिल्याच हुंकाराला ओरडली असतीस, “आवं, शेळी शिरली!”

आत्ताच नातीला सांगितलं, “राहू दे तो व्हिडिओ. मी बसणार आहे. तेवढी शेळी बांधून ठेवा म्हणावं.”

हे पत्र पोथीच्या बासनात राहील. अप्पांचा आवाज कुठेच साठवलेला नाही, आई. त्या व्हिडिओतला शेवटचा, चिडलेला हुंकार मात्र हुबेहूब त्यांचा आहे. तो ऐकण्यासाठी मी रोज फोन हाती घेतो, आणि त्याआधी हातपाय धुतो, हे नातीला सांगितलेलं नाही.