यादविगाचं नाव आणि माझा अंबराचा ब्रोच

मी, दान्गुओले स्तुल्पिनाइते, वय चौऱ्याहत्तर, राहणार विल्नियस, शुद्धीवर असताना आणि कोणाचाही दबाव नसताना हे मृत्युपत्र लिहिते. हृदय अधू आहे, डोकं शाबूत आहे, असा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तोंड पूर्वीपासूनच कडू आहे.

१. पुस्तकं विद्यापीठाला. त्यातलं एकही प्राध्यापक झिगमाँतासच्या हाती पडू नये. माझ्या कामाचं श्रेय त्याने आधीच गिळलं आहे.

२. गावाकडचं उन्हाळी घर पुतण्या आल्गिसला. बारा वर्षांत तो तिथे फिरकलेला नाही, म्हणून पत्ता सोबत दिला आहे.

३. राहतं घर यादविगा कोर्साकाइतेला. एकवीस वर्षं तिने माझ्या प्रयोगशाळेत आरसे जुळवले. दुधाळ थरातून प्रकाश पांगतो. त्या थरामागे आम्ही हिऱ्याचे धुळीहून बारीक कण ठेवत असू. हिरव्या प्रकाशात ते लाल चमकतात. ठरावीक सूक्ष्मलहर (मायक्रोवेव्ह) सोडली की त्यातला एकच मंदावतो, आणि त्या खुणेवरून पांगलेला प्रकाश नेमका त्याच्यावर गोळा करता येतो. कुठल्या कणाला कुठली लहर, हे जवळच्या चुंबकावर ठरतं.

यादविगाच्या हातून प्रकाशाचा सुईच्या टोकाएवढा ठिपका यायचा. मी बघायला वाकले की विस्कटायचा.

"तुझे हात थरथरतात," मी म्हटलं.

"डॉक्टरबाई, तुम्ही जवळ आलात की बिघडतं. तीनदा वहीत लिहिलंय मी."

मला ते झोंबलं. मी तिला कामावरून काढलं आणि शोधनिबंधातून तिचं नावही काढलं.

गेल्या वसंतात शिवताना सुई उडून माझ्या अंबराच्या, पिवळ्या राळखड्याच्या ब्रोचला चिकटली. स्वेटरला भोक पडू नये म्हणून त्यामागे पिनेऐवजी चुंबक होता. तो ब्रोच मी रोज प्रयोगशाळेत लावत असे, आणि लोखंडी किल्ल्या आत आणल्या म्हणून विद्यार्थ्यांना दारातच झापत असे.

४. वरील कबुली माझ्या मृत्यूनंतर विद्यापीठात वाचावी.

हे लिहून झाल्यावर यादविगाला नोटरीकडे बोलावलं. तिने कोट न काढता उभ्यानेच वाचलं.

"म्हणजे तुम्ही गेल्यावर लोकांना कळणार?"

"हो."

"शुक्रवारी विभागातले सगळे चर्चेला जमतात ना? तिथं तोंडाने सांगा. घर नको मला."

झिगमाँतास पहिल्या रांगेत बसतो. त्याच्यादेखत माझ्याच्याने ते होणार नाही. मी मानेनेच नाही म्हटलं.

"बरं," म्हणून तिने साक्षीदाराच्या जागी सही करायला नोटरीकडे पेन मागितलं. साक्षीदाराला वारसा मिळत नाही, असं नोटरीने बजावलं. ती म्हणाली, "ठाऊक आहे."

विल्नियस, १४ नोव्हेंबर २०२४
(सही) दान्गुओले स्तुल्पिनाइते

साक्षीदार:
१. (सही) यादविगा कोर्साकाइते
२. (सही) विताउतास ग्रुओदिस, नोटरीचा कारकून