कझवीन ते अबहर, पंच्याऐंशी किलोमीटर

६ मेहर, शुक्रवार

आली एकदाची मोटरसायकल. एन्ड्युरो, अडीचशे सीसी, लाल. फीरूझे म्हणाली, एवढीशीच? मी म्हटलं, या देशात साध्या माणसाला याहून मोठी चालवायची परवानगीच नाही, म्हणजे कायद्यानं ही सर्वांत मोठी. बायकोला कायद्यातलं काही कळत नाही.

सीट जरा उंच आहे. पाय टेकत नाहीत, अंगठे टेकतात. फुटपाथला लावून उभी केली की व्यवस्थित चढता येतं. कझवीनमध्ये फुटपाथ भरपूर आहेत.

गाडी मी स्वतःच्या हौसेसाठी घेतलेली नाही, हे इथे लिहून ठेवतो. बाबांसाठी घेतली. बाबा अबहरला एकटे असतात. नवरोजनंतर तिकडे गेलो नाही, म्हणजे सहा महिने झाले. हे आकडे रात्री टोचतात. आता दर शुक्रवारी जायचं.

शिवाय त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, पुढच्या महिन्यात, २९ आबानला. उजवा डोळा गेल्यात जमा, डाव्यालाही सगळं धुरकट दिसतं. इस्पितळात सोबत माणूस लागतो. त्यानं कागदावर सही केल्याशिवाय पेशंटला आत घेत नाहीत. शेजारच्या अझीझे खानूम म्हणाल्या होत्या, मी जाते. मी फोनवर छाती ठोकून सांगितलं की मुलगा धडधाकट असताना शेजारणीला कशाला त्रास? मी येणार, मोटरसायकलवर येणार. बाबा म्हणाले, नको रे पोरा, कशाला एवढी दगदग? पण आवाजावरून खूश वाटले.

फीरूझे म्हणाली की अबहरची बस दर तासाला सुटते. मी आरसे पुसायला गेलो.

१३ मेहर, शुक्रवार

सकाळी सातला निघालो. साडेआठला घरी.

अकरा किलोमीटर झाले. त्यात गाडीचा दोष नाही. नवीन इंजिनाला एकदम ताण देऊ नये. मी साठच्या वर जात नव्हतो आणि मागून येणारे ट्रेलर हॉर्न देत होते. एक ट्रेलर शेजारून गेला तेव्हा वाऱ्यानं मी आख्खा हातभर सरकलो. मी तेवीस वर्षं विमा कचेरीत अपघातांचे दावे लिहितो आहे. हायवेवर मला जे दिसतं ते इतरांना दिसत नाही. याला भीती म्हणत नाहीत, अनुभव म्हणतात.

बाबांना फोन केला. म्हटलं, आज हवा बरी नाही, यावं की न यावं? ते म्हणाले, मग नको येऊस, तुझा जीव महत्त्वाचा. मी बरं म्हटलं आणि ठेवला.

फीरूझेला सांगितलं की बाबांनीच नको म्हटलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली की माणूस दोनदा नको म्हणतो ते रीत म्हणून, तिसऱ्यांदा म्हणतो ते खरं. तू पहिल्याच नकोला फोन ठेवलास. त्यांनी रात्रीच मटण मुरत घातलं असेल.

घातलं नसेल. तिला कसं माहीत?

१४ मेहर

घातलं होतं. अझीझे खानूमनी फोनवर सांगितलं. मुद्दाम नव्हे, बोलता बोलता.

२० मेहर, शुक्रवार

आज ताकिस्तान! पस्तीस किलोमीटर, एका दमात (चार थांबे). गाठींचे टायर डांबरावर असे घुमतात की डोक्यात भुंगा शिरल्यासारखं होतं. ऐंशीला आरसे थरथरतात आणि मागच्या एका ट्रकचे तीन दिसतात. सीट म्हणजे फळी. उतरल्यावर कमरेखाली काही आहे याची खात्री करून घ्यावी लागली.

ताकिस्तानला कबाब खाल्ला. द्राक्षं घेतली, बाबांसाठी. मग विचार केला की पस्तीस परतीचे धरले तर आजचे सत्तर होतात. सत्तर म्हणजे जवळजवळ अबहरच. शरीराला सवय लावायची तर हळूहळू लावावी. द्राक्षं फीरूझेनं खाल्ली.

ऑफिसात उद्या विचारतील. अबहरच्याही पुढे, झंजानपर्यंत जाऊन आलो असं सांगणार आहे. तयारी म्हणून.

२७ मेहर, शुक्रवार

लिहायला नको होतं, पण लिहितो. ताकिस्तानच्या फाट्यावर पाटी नीट वाचली नाही आणि टोलच्या मोठ्या रस्त्यावर चढलो. मोटरसायकलला तिथे बंदी आहे, हे मी स्वतः लोकांच्या दाव्यांवर लाल शाईनं लिहितो. दोन किलोमीटर गुळगुळीत रस्ता. आयुष्यात एवढं सुख मिळालं नव्हतं. मग पोलीस.

पोरगेलासा होता. म्हणाला, काका, ही वस्तू डोंगरात चालवायची असते, तुम्ही इथे काय करताय? मी म्हटलं, डोंगरात टायर खराब होतात. तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं दंड न करता मला जुन्या रस्त्यावर नेऊन सोडलं, पुढे स्वतःची गाडी, मागे मी. येणारेजाणारे बघत होते. जुन्या रस्त्यावर मी कझवीनच्या दिशेला तोंड करून उभा होतो. म्हटलं, हा इशाराच समजावा.

बाबांना सांगितलं की पोलिसांनी अडवलं. ते घाबरले. म्हणाले, मारलं नाही ना? मी म्हटलं, नाही, सुटलो. त्यांनी देवाचे आभार मानले, माझ्यासाठी. फोन ठेवल्यावर अर्धा तास स्वयंपाकघरात उगाच भांडी पुसत होतो.

३ आबान

गॅरेजवाल्या उस्ताद यदुल्लाकडून पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचं दातेरी चाक, एक दात मोठं बसवून घेतलं. आता त्याच वेगाला इंजिन कमी ओरडतं. सीटवर मेंढीचं कातडं टाकलं. उस्ताद म्हणाले, अलमूतच्या डोंगरातल्या पायवाटा सोडून हिला डांबरावर घासताय, मेंढीच्या पाठीवर बसून मेंढीसारखं चालणार. मी हसलो. कामगार माणसं आहेत, बोलतात.

४ आबान, शुक्रवार

वारा. गेलो नाही. बाबांनीच नको म्हटलं (एकदा).

११ आबान, शुक्रवार

आज झियाआबाद ओलांडलं. पंचावन्न किलोमीटर!! नवीन स्प्रॉकेटनं कमाल केली, फक्त चढावर वारा समोरून आला की गाडी पन्नासला येते आणि पिकअपमधल्या मेंढ्या माझ्याकडे बघत पुढे जातात.

पेट्रोल संपत आलं. टाकी आठ लिटरची. पंपावर गेलो तर पेट्रोलचं रेशनकार्ड घरी, दुसऱ्या पँटमध्ये. पंपवाल्यानं आधी नाही म्हटलं, मग माझे पाय हवेत लोंबकळताना पाहून स्वतःचं कार्ड लावलं आणि तीन लिटर दिलं.

तीन लिटरमध्ये अबहर सहज होत होतं. घरही होत होतं. अबहर तीस किलोमीटर. घर पंचावन्न.

मी घराकडे वळलो.

का वळलो ते मला नीट सांगता येत नाही. सात महिने न जाता अचानक दारात उभं राहायचं, आणि ते काहीच बोलणार नाहीत, नुसता चहा ओततील, अर्धा बशीत सांडेल कारण त्यांना कप दिसत नाही. हे डोळ्यांपुढे आलं. आणि समोर ट्रेलरची रांग होती. दोन्ही कारणं खरी आहेत. पहिलं जास्त चांगलं वाटतं म्हणून आधी लिहिलं.

बाबांनी कोंबडा कापला होता. म्हणाले, काही हरकत नाही, अझीझे खानूमना दिला. तू निघालास त्यातच मला सगळं पोहोचलं.

१८ आबान, शुक्रवार

सर्दी.

२५ आबान, शुक्रवार

चार दिवसांनी ऑपरेशन. योजना पक्की. मंगळवारी पहाटे पाचला निघायचं. ताशी साठनं दीड तास. तीस मिनिटं फालतू धरली तरी सातला अबहर. सही आठला. मागच्या सगळ्या शुक्रवारांचं एकदम फेडून टाकायचं.

फीरूझे म्हणाली, सोमवारी संध्याकाळच्या बसनं जा, रात्री त्यांच्याकडे झोप. मी समजावलं की बाबांनी आख्ख्या गल्लीला सांगितलंय, मुलगा मोटरसायकलवर येणार. आता बसमधून उतरलो तर त्यांची मान खाली जाईल. ती म्हणाली, त्यांची की तुझी? मग म्हणाली, कियू, एकदाच ऐक माझं.

अझीझे खानूमचाही फोन आला. नक्की येताय ना कियूमर्स आगा? नाहीतर मी जाते, मला काही काम नाही. मी म्हटलं, खानूम, तुम्ही निवांत झोपा.

२९ आबान, मंगळवार, संध्याकाळ

सगळ्यांना सांगितलं की साखळी तुटली.

साखळी शाबूत आहे.

पाचला निघालो. थंडी, धुकं. ताकिस्तानला सहा वाजले. बोटं लाकडासारखी झाली होती म्हणून चहाला थांबलो. एक चहा. धुकं जरा विरू दे म्हटलं. दुसरा. रस्त्यावर ट्रेलरचे नुसते दिवे दिसत होते, ट्रेलर दिसत नव्हते. पावणेसातला अबहरची बस माझ्या पुढ्यात उभी राहिली. दारातला माणूस ओरडत होता, अबहर, अबहर! माझ्याकडे बघून म्हणाला, या आगा, जागा आहे. मी म्हटलं, माझी मोटरसायकल आहे. तो म्हणाला, टपरीवाला बघेल की. टपरीवालाही म्हणाला, बघतो. मी हातातलं हेल्मेट दाखवलं, म्हटलं, मी माझा माझा जाईन. बस गेली. मी साडेनऊपर्यंत तिथेच होतो. पाच चहा.

इस्पितळात पोहोचलो तेव्हा पावणेअकरा. बाबा बाकावर बसले होते, अंगावर तो निळा झगा, पायात मोजे, कालपासून उपाशी. सही करणारं कुणी नाही म्हणून साडेनऊला त्यांचं नाव यादीतून काढलं होतं. अझीझे खानूम सातलाच त्यांना सोडायला आल्या होत्या आणि थांबायला तयार होत्या. बाबांनीच त्यांना परत पाठवलं. नर्सनं दोनदा विचारलं तेव्हा म्हणे तिलाही सांगितलं, माझा मुलगा निघालाय, तो हायवेनं येतो, तुम्हाला माहीत नाही तो कसा चालवतो.

नवीन तारीख २७ आझर. म्हणजे आणखी महिनाभर.

माझ्या बुटांचा आवाज ऐकून उठले. जाकिटावरून हात फिरवला, म्हणाले, किती गार झालायस. साखळी तुटली म्हटल्यावर म्हणाले, रस्त्यात हात कापला नाही ना? मग बाहेर येऊन त्यांनी मोटरसायकल चाचपली. टायर, टाकी, सीट. म्हणाले, बापरे, केवढी मोठी! त्यांनी रीत म्हणून म्हटलं. मला माहीत आहे, त्यांना माहीत आहे. मला तिथेच जमिनीत जावंसं वाटलं.

घरी त्यांनी चहा केला. बशीत सांडला.

९ आझर, शुक्रवार

बसनं गेलो, बसनं आलो. एकेका बाजूला दोन तासही नाहीत. दर तासाला असते. लिहिण्यासारखं काही नाही.

मोटरसायकलवर चादर घातली आहे. विकायची नाही. पण चादर असू दे.

२१ आझर, बुधवार

बाबांना फोन केला. म्हटलं, सोमवारी संध्याकाळीच येतो, बसनं, मंगळवारी सहीला मी. ते म्हणाले, नको, कशाला रजा वाया घालवतोस. मी मनात म्हटलं, एक. म्हटलं, रजा आहे बाबा, येतोच. ते म्हणाले, खरंच नको, फीरूझे एकटी पडेल. दोन. यावेळी मी फोन ठेवणार नव्हतो. म्हटलं, फीरूझेनंच सांगितलंय, मी येणार म्हणजे येणार. ते म्हणाले, नको पोरा.

तीन झाले. मी चौथ्यांदा म्हटलं. पाचव्यांदाही म्हटलं, जरा मोठ्यानं.

त्यांनी मला पुरतं बोलू दिलं. मग शांतपणे म्हणाले, कियूमर्स, कागदावर अझीझे खानूमचं नाव लिहून दिलंय. यायचं तर ये, तुझंच घर आहे, चहा घे. पण परत चुकलं तर डॉक्टर म्हणतात, डावाही जाईल. मला आता बघायचंय रे.

आवाजात राग अजिबात नव्हता. राग असता तर भांडलो असतो.

फीरूझेनं विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, नको म्हणाले. तिनं विचारलं, कितीदा? मी सांगितलं.  माझ्या पुढ्यात जेवण वाढून ती तशीच बसून राहिली.

२७ आझर, मंगळवार, सकाळी ७.४०

इस्पितळात बसून लिहितोय. पाचच्या बसनं आलो. सातच्या आत हजर. सगळ्यांच्या आधी.

सव्वासातला बाबा आले, अझीझे खानूमच्या कोपराला धरून. खानूमनी मला पाहिलं, थांबल्या. मी मान हलवली, जाऊ द्या म्हणून. बाबा माझ्यापासून हातभर अंतरावरून गेले. त्यांचे केस ओले होते, नीट विंचरले होते. त्यांना मी दिसलो नाही. हाक मारणार होतो. मग वाटलं, आत्ता कुठे निश्चिंत दिसतायत, राहू दे.

आत जाऊन खानूमनी सही केली. दार लागलं.

नर्स बाहेर आली. तीच, त्या दिवशीची. मला ओळखलं नाही. म्हणाली, तुम्ही कुठल्या पेशंटबरोबर?

मी म्हटलं, कुणाबरोबर नाही.

ती म्हणाली, मग इथे बसू नका, ही जागा सोबतच्या माणसांसाठी आहे.