बांगडीचा उजेड

१० जानेवारी २०२५, शुक्रवार

चूळ भरली तर पाणी डाव्या कोपऱ्यातून गाऊनवर! परत भरली, परत तेच. मग आरशात बघितलं. डावा गाल खाली ओघळलेला. डोळा मिटेना. फुंकर मारता येईना.

डॉक्टर म्हणाले, मेंदूचं काही नाही, चेहऱ्याची शीर सुजली आहे. गोळ्या, डोळ्यात थेंब, झोपताना पापणीवर चिकटपट्टी. "बहुतेकांचं बरं होतं." बहुतेकांचं म्हणजे किती जणांचं? विचारायचं होतं. 'ब' म्हणायला ओठ जुळेनात, म्हणून राहिलं.

१४ जानेवारी

संक्रांत. स्टुडिओत आम्ही दोघीच – मी आणि वर्षाराणी. ती मेकअप करते, मी फोटो काढते. तिळगूळ गालात अडकून बसला, बोटानं काढावा लागला. ती म्हणाली, "गोड बोल म्हणू का नको गं तुला?" हसू आलं. अर्धंच.

१८ जानेवारी

चेहऱ्याच्या व्यायामासाठी शिवानी मॅडमकडे जायला लागले आहे. त्यांना दर आठवड्याला पाच फोटो हवेत. साधा चेहरा, भुवया वर, डोळे मिटून, दात दाखवून, गाल फुगवून. सुधारणा मोजायची म्हणे.

टायमर लावून काढले. लाइट उजवीकडून, मोठ्या छत्रीतून, मऊ. डावी बाजू सावलीत. बरी दिसत होते की! इतक्या वर्षांची सवय – कुणाचं काय झाकायचं ते हाताला कळतं.

२१ जानेवारी, मंगळवार

शिवानी मॅडमनी फोटो बघितले आणि माझ्याकडे बघितलं. "क्रांतीताई, हे बायोडेटाचे फोटो झाले. मला सावली नको."

म्हणजे रिंग फ्लॅश. लेन्सभोवती गोल बसतो, म्हणून वर्षाराणी त्याला बांगडी म्हणते. नवरीच्या डोळ्यांचा मेकअप जवळून घ्यायला वापरते मी. चारी बाजूंनी सारखा उजेड, सावली पार पाठीमागं भिंतीवर. काही लपत नाही.

वर्षाराणीला शटर दाबायला सांगितलं. दोन फोटो काढले आणि रडायला लागली. "मला जमायचं न्हाय. तू एवढा जोर लावतीस आन् डावीकडं काईच हलत न्हाय."

संध्याकाळी आईचा फोन. तिला सगळं सांगितलं.

२८ जानेवारी, मंगळवार

आबा आले! वारणानगरहून सकाळच्या एसटीनं. वडील असून सहा वर्षांत पहिल्यांदा शाहूपुरीतला हा जिना चढले. कॉलेजच्या ऑफिसातली कायमची नोकरी सोडून मी स्टुडिओ काढला तेव्हा म्हणाले होते, "लोकास्नी हसा हसा म्हणत बसनार व्हय जन्मभर?" त्यानंतर या विषयावर एक शब्द नाही.

आज पण नाही. नुसतं, "कुठलं बटन?"

एकतीस वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. खडू मागितला. माझ्या स्टुलाच्या पायांभोवती खुणा केल्या, स्वतःच्या चपलांभोवती पण. "दर खेपेला हितनंच. न्हायतर काय मोजनार?"

न मिटणाऱ्या डोळ्यात तो फ्लॅश सुईसारखा घुसतो. पाणी गळतं. पॉवर कमीत कमी केली तरी. आबा थांबायचे, रुमाल द्यायचे. "हं. आता दात दाव."

६ फेब्रुवारी

येत्या रविवारच्या लग्नातल्या नवरीची आई आली होती. चहा घेतला. बराच वेळ माझ्या कपाळाकडे बघून बोलत होती. मग – "ताई, रागावू नका. शुभकार्य हाय. पोरगी समोर बघून हसनार, आन् समोर..." दुसरा फोटोग्राफर ठरवला आहे. मेकअपला मात्र वर्षाराणीच हवी.

वर्षाराणी म्हणाली, "मी जात न्हाय." मीच म्हटलं, जा. खरंच जा. भांडायला ताकद नाही.

११ फेब्रुवारी

काही नाही. पाच फोटो.

१८ फेब्रुवारी

काही नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सहा आठवडे झाले. आरशासमोर रोज दोनदा भुवई चढवते, बोटानं गाल उचलते. थकले. गिऱ्हाइकांशी बोलताना हात आपोआप तोंडावर जातो. पासपोर्ट फोटोला आलेला एक जण म्हणाला, "ताई, दात काढलाय काय?" हो म्हटलं.

आबा स्क्रीनला नाक लावून बसले होते. गेल्या आठवड्याचा फोटो, आजचा. गेल्या आठवड्याचा, आजचा. मग म्हणाले, "भुवई हललीया. केसभर."

एकदम राग चढला मला. "तुम्हाला काय कळतंय फोटोतलं? उगंच बरं वाटावं म्हणून बोलू नका!"

आईनं दिलेला डबा टेबलावर ठेवला आणि दुपारच्या गाडीनं गेले. पुढच्या मंगळवारी येत नाहीत आता.

रात्र कशी काढायची!

४ मार्च

आले. खडूची खूण पुसट झाली होती, ती परत गिरवली. मी म्हटलं, "आबा, त्या दिवशी..." तर म्हणाले, "गाल फुगव."

शिवानी मॅडमनी भुवई मोजली. हलली आहे. केसभरच.

११ मार्च, मंगळवार

डोळे मिटून बसले होते. उजवा मिटला की काळोख, डावीकडून मात्र उजेडाची फट, हे आता अंगवळणी पडलंय, लक्षही जात नाही. फ्लॅश उडाला. पुढचं 'दात दाव' आलं नाही. म्हटलं, काढला का?

"मिटला."

"फोटो काढला का म्हणते मी!"

"डोळा, गं. मिटला की!"

मिटलेला डोळा आपला आपल्याला दिसत नाही. त्यांनाच पहिल्यांदा दिसला. स्क्रीनवर बघितलं – पापणी पापणीला टेकलेली. आबा खिडकीशी गेले आणि बराच वेळ खाली रस्त्याकडे बघत राहिले.

२५ मार्च

चहा सांडला नाही! शिवानी मॅडम म्हणाल्या, बारा आणे बरं झालंय, उरलेलं सावकाश. हसले की डावा कोपरा जरा मागे राहतो. राहू दे. फोटो आता महिन्यातून एकदाच पुरे.

आबांना म्हटलं, आता दर मंगळवारी धावत येऊ नका. किती दमलात बघा. वाळलात नुसते. "बघू," म्हणाले.

३ एप्रिल

एक साखरपुडा ठरला. नवरी वर्षाराणीच्या ओळखीतली. तिला आधीच सांगितलं, माझा चेहरा असा आहे. ती म्हणाली, "मला माझं फोटो बघायचंत, तुमचं न्हाय." बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी.

८ एप्रिल, मंगळवार

आज माझे फोटो नव्हते. तरी आबा आले. कॅमेऱ्याकडे गेलेच नाहीत, सरळ स्टुलावर बसले.

"आज माझं काढ. सोमवारी आपरेशन हाय. तंबाखूचं. जबडा काढनार हाईत ह्या अंगाचा. आदीचं असू दे."

"कधी कळलं?"

"डिशेंबरात."

"आणि इतके दिवस...? आईला माहीत आहे?"

"न्हाय. तुझं होऊ दे म्हटलं आदी."

ओरडावं वाटलं. बांगडी चढवली. साधा चेहरा. भुवया वर. डोळे मिटून. मग म्हटलं, आबा, दात दाखवा.

तोंड दोन बोटंच उघडलं.