फितीवरच्या दोन गाठी

हुफूफ
२४ जानेवारी १९९१, गुरुवार, दुपारचे साडेतीन

प्रिय शरफू,

आत्ता दुकानाच्या मागच्या खोलीत जमिनीवर बसून तुझ्यासाठी ठेवलेल्या दोन बॉड्या शिवत होतो. एक झाली, दुसरीत सुई तशीच खोचून कागद घेतला. काचांना चिकटपट्ट्या मारल्या आहेत. लढाईमुळे हवाई हल्ल्याचा भोंगा झाला की शटर ओढायचं, थांबला की उघडायचं. गिऱ्हाईक नाहीच. मी बरा आहे. सुफियानची तार काल मिळाली. त्याबद्दल पुढे लिहितो. तुझा भाऊ आहे, त्याने वेळेवर कळवलं, हे त्याला सांग. आधी कामाचं लिहितो, कारण हुसेनमियाँ उद्या बसने जेद्दाला निघणार आहेत आणि तिथून विमान मिळालं तर आठवड्यात बाणकोटला पोचतील. पुडकं आणि हे पत्र तेच आणतील.

तू लिहिलं होतंस की खांद्यांवर लाल वळ उठतात, पाठ भरून येते, आणि अम्मांनी मंडणगडहून चाळीस नंबरची बॉडी आणली तरी फरक नाही. नंबर वाढवला की आराम वाढतो असं सगळ्यांनाच वाटतं. मागे एक दाढीवाला इथं बायकोला घेऊन आला आणि मला म्हणाला, सगळ्यात मोठी दे, खलास. त्यावर बुरख्यातून आवाज आला, तू काय उंट घ्यायला आलायस? गप्प उभा राहा. तो बिचारा बाहेर जाऊन उभा राहिला. बाईचं बरोबर होतं. चाळीस म्हणजे पाठीवरचा पट्टा चाळीसचा. तुझी पाठ छत्तीसचीच आहे. पट्टा सैल पडला की मागून वर चढतो आणि सगळा भार खांद्यांवर लटकतो. तुला पट्टा छत्तीसचाच हवा, फक्त कप मोठा हवा. मंडणगडला कपाचं वेगळं माप कुणी ठेवत नाही, त्यात अम्मांची चूक नाही.

इथं बायकांचे कपडे आम्ही पुरुषच विकतो. टेप लावणं दूरच, नजरही वर करायची नाही. म्हणून मी काळी फीत कापून देतो. बाई घरी जाऊन छातीच्या खाली मोजते आणि गाठ मारते, भरलेल्या जागी मोजते आणि दुसरी गाठ मारते, मग फीत गल्ल्यावर आणून ठेवते. तुला पाकिटातून तशीच फीत पाठवत होतो तेव्हा हुसेनमियाँ शेजारच्या खजुराच्या दुकानातून चहा घेऊन आले होते. म्हणाले, काय रे उस्मान, बायको पतंग उडवते काय? मी लाजून काहीतरी खोटं सांगितलं.

पहिली फीत पाचव्या महिन्यातली होती. तेवढ्यावर घेतली असती तर पुढे घट्ट झाली असती, म्हणून मी थांबलो. दुसरी याच महिन्यात आली. तू लिहिलंस, मोजताना आतून लाथ बसली, म्हणून वरची गाठ वाकडी पडली, एवढं समजून घे. मी समजून घेतलं. टेपावर ताणून पुन्हा पुन्हा पाहिलं आणि सगळ्या खोक्यांतून या दोन काढल्या. सुती आहेत, कपाखाली तार नाही. खांद्यावरचे पट्टे दोन बोटं रुंद आहेत. मागे पट्टा रुंद आणि हुकांच्या तीन ओळी. आता पोट उतरलं आहे, तर मधल्या ओळीत लाव. घेर आणखी उतरेल तशी आतल्या ओळीत. घातल्यावर पुढे वाक, बाजूंनी काही बाहेर आलं नाही आणि मधली जागा छातीला टेकली तर माप बरोबर. कपात तळहात जाईल एवढी जागा मी मुद्दाम ठेवली होती, दूध आल्यावर लागते म्हणून.

दुधाबद्दलच लिहायचं आहे. तार वाचून मी पहिल्यांदा ही खोकी परत वर ठेवली. मग काल संध्याकाळी उम्म झयान आल्या, आमच्या जुन्या गिऱ्हाईक. नातवंडांची आजी. त्यांना मी जमिनीकडे बघत विचारलं, बाळ नसलं तरी दूध येतं का? त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, येतं, बेटा. दुधाला कोण सांगणार. त्या म्हणाल्या, घरातल्या बायका ओढणीने करकचून बांधतील, बांधू देऊ नको. गाठी होतात, ताप येतो. चांगली बसणारी घालायची, थंड पाण्याचं फडकं ठेवायचं, फार दुखलं तर थोडंसंच काढायचं, आणि ताप आला तर डॉक्टरीण. अम्मांना हे माझं नाव घेऊन सांग. पुडकं पोचेपर्यंत सगळ्यात वाईट दिवस होऊन गेले असतील, हे मला कळतं.

या दोन्ही बॉड्या पाजण्याच्या आहेत. पुढचा भाग आकड्याने खाली उघडतो. साध्या बॉडीत तुझ्या मापाचा कप आमच्याकडे नाही. म्हणून आकडे उसवून काढले आणि तो भाग बारीक टाक्यांनी बंद करतो आहे. हात लावलास तर शिवण कळेल, पण टोचणार नाही.

मला निघता येत नाही. कफील, म्हणजे आमचा मालक, कुटुंबाला घेऊन तायिफला गेला आहे आणि पासपोर्ट त्याच्या तिजोरीत आहे. निरोप पाठवला आहे. हुसेनमियाँ म्हणाले, मी सांगतो घरी, तू लिहू नको, बाईमाणसाला पुन्हा रडायला लावशील. तरी लिहितो, कारण मला तुला एक विचारायचं आहे आणि ते दुसऱ्याच्या तोंडून विचारवत नाही. तारेत एवढंच होतं की बाळ गेलं, शरफुन्निसा बरी आहे. मुलगा की मुलगी, ते नव्हतं. कालपासून लोक येऊन बसतात, सब्र कर म्हणतात, आणि मी मान हलवतो. मी बाप आहे आणि मला ठाऊक नाही. तुझ्या हातात दिलं का, की आधीच नेलं? केस होते का? दफन कुठे केलं, कुणी उचलून नेलं? तुला सगळे म्हणत असतील, विसर, बोलू नको. माझ्याशी बोल. जे आठवतं ते सगळं लिही, माझं काय होईल याची काळजी करू नको.

तुझाच,
उस्मान

जमाखर्च: दोन बॉड्या नव्वद रियाल, पगारातून कापायला सांगितले. उलट तारेचे पंचवीस. हुसेनमियाँकडून उसने घेऊन त्यांच्याच हाती तुला पाठवतो ते तीनशे, ते मी त्यांना देणं. बाळाच्या अकीक्याच्या कुर्बानीसाठी चारशे बाजूला ठेवले होते, मुलगा झाला तर दोन बकरे आणि मुलगी झाली तर एक, म्हणून दोन बकऱ्यांचे. ते तसेच आहेत.