झाकणाच्या आतली दोन अक्षरं

सापुकाई,
सान हुआनच्या सणानंतरचा बुधवार

आदरणीय क्रिस्पुलोदादा,

धाकट्या हेर्मिनियोने दोन्ही हात जोडून आशीर्वाद मागितला आहे, तो एन्कार्नासियोनहूनच द्यावा, त्यासाठी उठून उभं राहायची गरज नाही. गुडघा कसा आहे? माझ्या निमियाने काकुपेच्या माउलीला तुमच्या नावाने नवस बोलला आहे. डिसेंबरात तो मीच चालत जाऊन फेडीन, कारण गुडघेवाल्याने चालायचं आणि भावाने घरी बसायचं हे बरं दिसत नाही. इकडे सगळे खुशाल. गाय व्याली. जूनची थंडी कडाक्याची आहे, तरी मंडळी येर्बाच्या पानांचं तेरेरे बर्फ घालूनच पितात आणि मग दिवसभर खोकत माउलीलाच दोष देतात.

पत्रास कारण असं, की आपल्या घड्याळशौकिनांच्या सभेचं फिरतं घड्याळ मंगळवारच्या बसने तुमच्याकडे यायचं होतं, ते येणार नाही. या मंगळवारी नाही आणि पुढच्याही नाही. तुमच्या पाळीचं घड्याळ माझ्या घरी अडकलं, म्हणून मी आधीच माफी मागून ठेवतो.

तीन महिने तुम्ही सभेला नव्हता, पण काही बदललेलं नाही. तिसऱ्या रविवारी, मिस्सा झाल्यावर, पाराग्वारीला न्या रुफिनाच्या चिपा-पावांच्या भट्टीमागे आंब्याखालीच आपण जमतो. (‘न्या’, म्हणजे ‘बाई’, म्हटल्याशिवाय ती अजूनही ओ देत नाही.) नियमही तोच : दूधपित्या डुकराच्या पिल्लाहून महाग घड्याळ आणायचं नाही. (यंदा डुकरं महागली, त्यामुळे मंडळींची अभिरुची बरीच उंचावली आहे.) अध्यक्ष अजून अनास्तासियो गुरुजीच, आणि ते आम्हाला अजून पहिलीतलीच मुलं समजतात. तुम्ही नदीपलीकडून, पोसादासच्या जुन्या बाजारातून आणून दिलेलं ते चावीचं घड्याळ आणि प्रत्येकाने एकेक पान लिहायची त्याची वही महिनाभर एकाकडे राहून पुढच्याकडे जाते. हातोहात फिरणारा तेरेरेचा पेला धरून कोणी भाषण करत बसत नाही, तसंच हेही अडवायचं नसतं. मे महिन्यात ते माझ्याकडे आलं. माझ्यामागे फक्त तुम्ही उरला होता.

आता सासूबाई. न्या तोमासा आमच्याकडे राहायला आल्याला बावीस वर्षं झाली, आणि एवढ्या काळात त्या माझ्याशी ‘मीठ दे’ याहून लांब काही बोलल्या नव्हत्या. (मीठ मी लगेच देत असे.) घड्याळ मनगटावर बांधून आणलं त्या रविवारी मी त्यांच्या वाडग्यात सूप वाढत होतो, तर त्यांनी माझं मनगट पकडलं. सूप सांडलं. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण त्या घड्याळाकडे बघत होत्या. म्हणाल्या, “हे एलादियोचं.”

सासरे एलादियो ब्रिसुएला एकसष्ट साली नदीपलीकडे येर्बाच्या पानांच्या तोडणीला गेले होते, ते परत आले घड्याळाशिवाय. नावेत चोरीला गेलं, असं ते म्हणाले. सासूबाईंचं म्हणणं, ते पोसादासच्या कुठल्यातरी बाईच्या मनगटावर आहे. त्यानंतर चाळीस वर्षं संसार झाला, पाच मुलं झाली, पण आरोप काही मागे घेतला गेला नाही. सासरे वारल्यावरही नाही. मृतांच्या दिवशी घरातल्या सगळ्या कबरींवर मेणबत्त्या लागतात, आणि त्यांच्या कबरीवर वाळलेलं गवत तेवढं असतं. निमिया दर वर्षी चोरून एक फूल ठेवते आणि सासूबाई ते दर वर्षी शेजारच्या कबरीवर सरकवतात.

आणि आता शहाऐंशीव्या वर्षी त्या माझं मनगट धरून रडत होत्या. “म्हणजे खरंच चोरीला गेलं होतं गं, निमिया! बिचारा खरं बोलत होता!”

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या दंडाला धरून कबरस्तानात गेल्या आणि तिथे तासभर बसल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही, मी फाटकापाशी थांबलो होतो. (फाटकाची बिजागरी ढिली झाली आहे, ती यंदा मी बदलणार आहे.) परत आल्यावर मला म्हणाल्या, “घड्याळं उघडता येतात ना तुला? मग उघड. आत ए. बी. असणार. व्हियारिकाच्या घड्याळजीकडून कोरून घेतलं होतं, मी शेजारी उभी होते.”

मी कार्यशाळेत जाऊन पाठीमागचं झाकण उघडलं. आतल्या आकड्यांवरून घड्याळ सत्तर सालचं निघालं. थोड्या वेळाने मी ते झाकण सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांना आता बारीक फारसं दिसत नाही. त्यांनी नखाने चाचपलं, दोन अक्षरं लागली, आणि त्या रात्री त्यांना शांत झोप लागली.

पण जूनची सभा आली आणि घड्याळ न्यावं लागलं. पुढच्याला देण्याआधी ते उघडून पाहायची गुरुजींची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. त्यांनी भिंग लावलं आणि बराच वेळ काढलंच नाही.

“हे काय कोरलंय?” गुरुजी म्हणाले.

तेवढ्यात सिल्विनो खाटीक म्हणाला, “ती अक्षरं होय? मी मार्चमध्येच बघितली होती.”

“मार्च?” बसवाला सेल्सो म्हणाला. “मी जानेवारीत. मला वाटलं, सगळ्यांना माहीत आहे.”

दादा, तुम्हाला काय सांगू. एकेक करून सगळ्यांनीच ती पाहिलेली निघाली. प्रत्येकाने महिनाभर घड्याळ बाळगलं होतं, प्रत्येकाकडे भिंग होतं, मग न दिसायला काय झालं? न्या रुफिना भट्टीपासून ओरडली, “मग एवढे महिने बोलला का नाहीत रे? तोंडात काय चिपा होता?” गुरुजींनी भिंग पुसलं आणि गंभीरपणे म्हणाले, “मी पहिल्या दिवशीच पाहिली होती. तुमच्यापैकी कुणाच्या लक्षात येतं, ते बघत होतो.”

मग मी सासूबाईंची हकिकत सांगितली. (हकिकत सगळी खरी सांगितली. फक्त पूर्ण सांगितली नाही.) एकसष्टला हरवलेलं घड्याळ सत्तरला कसं बनलं, असं सेल्सोने विचारलं खरं, पण अर्ध्या तासात मंडळींनी त्या कारखान्याचा इतिहासच नऊ वर्षं मागे सरकवला. अक्षरांवर शंका घ्यायला कुणालाच जागा नव्हती.

घड्याळ न्या तोमासांना द्यायचं, असं एकमताने ठरलं. सिल्विनोच्या मालट्रकमधून सगळे इथे आले, सोबत टोपलीभर गरम चिपा. गुरुजींनी भाषण केलं. सासूबाईंनी घड्याळ मनगटावर बांधून घेतलं, भाषण संपेपर्यंत ते कानाला लावून ठेवलं, आणि मग मला म्हणाल्या, “हेर्मिनियो बाळा, खुर्च्या आण. लोक उभे आहेत.”

‘बाळा’ म्हणाल्या, दादा. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. खुर्च्या आणायला गेलो आणि दाराआड थोडा थांबून मगच आलो. देवाने एवढं दिलं, आता जास्त काय मागायचं?

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. गुडघ्याला कोमट मिठाचा शेक द्यावा.

तुमचा
हेर्मिनियो

ता. क. — अक्षरं मीच कोरली, टोच्याने. तुम्हाला ते मघाशीच कळलं असेल. फादरांकडे कबुली दिली. ते जाळीमागे खोकत राहिले (मला वाटतं, हसत होते), मग म्हणाले की कबुलीच्या खोलीचं दार कुरकुरतं, ते प्रायश्चित्त म्हणून दुरुस्त कर. केलं.

आणखी ता. क. — वहीच्या पहिल्या पानावर तुम्ही झाकणाच्या आतला फोटो चिकटवला आहे आणि त्यात झाकण कोरं आहे. आजवर कुणाला दिसला नाही, कारण सगळे वहीत आपापलंच पान वाचतात. मी तो फाडलेला नाही. मांदिओकाच्या पिठाची खळ करून पहिलं पान पुठ्ठ्याला चिकटवलं, एवढंच. ऑगस्टमध्ये तुम्ही सभेला याल, तेव्हा तुम्हाला विचारतील. खोटं बोला असं मी कसं म्हणेन? फक्त नेमका तेव्हा तुमचा गुडघा दुखावा.

शेवटचं ता. क. — काल पाकीट बंद करत होतो, तेवढ्यात सासूबाई आल्या. म्हणतात, घड्याळ चोरीला गेलं, हे पटलं. पण एलादियो परतला तेव्हा डोक्यावर टोपीही नव्हती. ती कुठे गेली? कालपासून कबरस्तानात जाणं बंद आहे आणि मी पुन्हा मिठावर आलो आहे. तरी तुम्ही नदीपलीकडे बाजारात जाल तेव्हा एक टोपी बघा. तपकिरी, जाड लोकरीची, डावीकडचा काठ जरा वर वळलेला, मोठ्या डोक्याची. जुनीच हवी. पण घेण्याआधी हुंगून पाहा; अत्तराचा वास आला तर तिथेच ठेवा आणि दुसरी बघा.